सातव्या चित्राची पाठ

१

वार्षिक मोजणीसाठी इसोतानीचे नगर वाचनालय आठवडाभर बंद होते, त्यामुळे चोरी करायला तशी कुणाला संधीच नव्हती. तरीही बुधवारी सकाळी चिहो कादोवाकीने मागच्या खोलीतल्या कपाटातून लाकडी पेटी काढून उघडली, तेव्हा बारा चित्रांमधले सातवे चित्र गायब होते.

तिने कपाट धुंडाळले, टेबलाखाली वाकून पाहिले, रद्दीची टोपली उलटी केली. मग तिने निशिकोरीबाईंना फोन लावला.

फुमिए निशिकोरी म्हणजे त्या किनाऱ्यावरच्या यच्चयावत ग्रंथपालांना ठाऊक असलेल्या बाई. निवृत्त झाल्यापासून त्या ग्रंथपाल मंडळाचे वार्तापत्र काढायच्या. कुणाची बदली झाली, कुणाच्या छतातून पाणी गळते, कुठल्या गावाने वाचनालय कंपनीच्या गळ्यात मारले, हे सगळे आधी त्यांच्या कानावर यायचे. चौकशा करण्याची त्यांना खोडच होती आणि ती त्या कधी लपवत नसत.

"निशिकोरीसान, एक सांगते, पण छापू नका हं एवढ्यात."

"काय छापायचं नाही ते तरी सांगशील, की ओळखू?"

चिहोने सांगितले, आणि सांगता सांगता तिला रडू फुटले.

रडण्यासारखेच होते. शनिवारी मंडळाचे वार्षिक संमेलन इसोतानीतच भरायचे होते आणि शेवटी 'इसोतानीची घंटा' ही कामिशिबाई सादर व्हायची होती. कामिशिबाई म्हणजे लाकडी चौकटीतून एकेक चित्र ओढत सांगायची गोष्ट; गावातल्या कोळणींनी युद्धानंतर स्वतः रंगवलेला तो बारा चित्रांचा खेळ. जगात दुसरी प्रत नाही. चिहोची नेमणूक एकेका वर्षाची, दर मार्चअखेरीला संपणारी. त्यातच वाचनालय बाहेरच्या कंपनीला द्यायचे की नाही, हे नगरपरिषद याच महिन्यात ठरवणार होती. गावचा ठेवा जिच्या हातून हरवला तिला पुन्हा कोण नेमणार?

दुपारच्या गाडीने निशिकोरीबाई उतरल्या. ओला बर्फ पडत होता. छत्री झटकून त्या थेट मागच्या खोलीत गेल्या.

"काल कोण कोण आलं होतं इथे?"

"चौघंच. दार आतून बंद होतं, मीच उघडून घेतलं प्रत्येकाला. नगरपालिकेचे हिराओकासान, गोष्ट सांगणाऱ्या इनाताआजी, परिषदेतले आओतोसान, आणि ओगुरा वाचनालयाचे फुकुमासान. प्रत्येकाला इथे बसवून मी चहा करायला गेले होते."

"म्हणजे चहानेच घात केला म्हणायचा," म्हणत बाईंनी पेटी पुढे ओढली.

सहाव्या आणि आठव्या चित्राच्या मध्ये त्याच मापाचा एक कोरा पुठ्ठा होता. चिहो म्हणाली, दुरुस्तीच्या टेबलावर असे पुठ्ठे पडलेले असतात, पेटीत आधाराला कुणीतरी घातला असेल. बाईंनी आठवे चित्र उचलले. बोटीचा मालक साके दारूचा पेला घेऊन बसलाय आणि घंटेचा दोर वर खांबाला करकचून बांधलाय. तेच चित्र त्यांनी उलटे केले. पाठीवर शाईत लिहिले होते : 'मालक म्हणाला, घंटा वाजवली तर बोटी रिकाम्या परततील. दोर सोडायचा नाही.'

नववे चित्र एका बाईचे होते, पाठमोरी, दोराला लोंबकळलेली. त्याच्या पाठीवर मात्र ओल चढून सगळी अक्षरे विरघळून गेली होती.

"आणि सातव्यावर काय होतं?"

"काहीच नाही हो! किनाऱ्यावर कंदील घेऊन उभ्या असलेल्या बायका. सगळ्यात साधं चित्र. ते कुणाला कशाला हवं असेल?"

बाईंनाही नेमका तोच प्रश्न पडला होता.

२

हिराओका हे नगरपालिकेचे शिक्षण विभागाचे प्रमुख. गेल्या एप्रिलपर्यंत ते पाणीपुरवठ्यात होते. नगरपालिकेत दर तीन-चार वर्षांनी माणूस उचलून दुसऱ्या खात्यात ठेवतात, तसे त्यांना इथे ठेवले होते. वाचनालय कंपनीला देण्याचा प्रस्ताव त्यांच्याच सहीने गेला होता.

ते चारच्या सुमारास आले, बुटांवरचा बर्फ झाडला आणि पेटीतली चित्रे हातात घेऊन उलटसुलट करू लागले.

"हे धरायचं कसं असतं? असं? आणि हे मागे काय लिहिलंय?"

"सर, उलटं धरलंय तुम्ही," चिहो हळूच म्हणाली.

"बरोबर, बरोबर." त्यांनी चित्रे खाली ठेवली. "तर निशिकोरीसान, मी काल पाच मिनिटं आलो होतो. खुर्च्या किती लागतील ते बघायला. चहासुद्धा अर्धाच प्यायलो. मला विचाराल तर यात गुंतागुंत काही नाही. आओतोसाननी नेलं. सगळ्या गावाला माहीत आहे, त्यांच्या आजोबांनीच घंटा वाजवू दिली नव्हती. जाळून टाका ते, असं ते म्हणतात म्हणे."

"म्हणे?"

"सगळेच म्हणतात. कादोवाकीसान, ते काल कशाला आले होते? वाचनालय तर बंद होतं."

"पुस्तक परत करायला."

"कुठलं?"

चिहोने मान खाली घातली. "ते सांगता येणार नाही."

"अहो, इथे तुमची नोकरी टांगणीला लागलीय आणि तुम्ही नियम कसले सांगताय? जुन्या घंटेवरचं पुस्तक नेलं असेल तर लगेच उलगडा होईल!"

"वाचकाने काय नेलं ते आम्ही कुणालाच सांगत नाही, सर. पोलिसांनाही नाही. तुम्हालाही नाही."

निशिकोरीबाईंना तिचा असा काही अभिमान वाटला, की उठून पाठ थोपटावी. पण हिराओका समोर होते म्हणून त्यांनी फक्त चहाची किटली तिच्याकडे सरकवली.

"शनिवारपर्यंत सापडलं नाही तर मला वर कळवावं लागेल," हिराओका उठता उठता म्हणाले. "हलगर्जीपणा म्हणून. त्याला माझा इलाज नाही."

३

गुरुवारी सकाळी इनाताआजी अंगणात दोरीवर वाकामे नावाचे समुद्री शेवाळ वाळत घालत होत्या. सगळीकडे समुद्राचा वास सुटला होता.

"माझ्यावर संशय आहे ना?" बाईंना फाटकात पाहताच त्या म्हणाल्या. "या, या. संशयिताच्या घरचा चहा चालतो ना?"

"चालतो. चिहोच्या चहापेक्षा बराच असेल."

आजी खळखळून हसल्या. त्यांची आई ही त्या चित्रे रंगवणाऱ्या कोळणींपैकी एक. आई गेल्यापासून हा खेळ आजीच करत आल्या होत्या.

"मला ते चित्र नको असतं तर मी चोरलं कशाला असतं? खेळताना दोन पुठ्ठे एकदम ओढले असते, कुणाला पत्ता लागला नसता. शब्द तर माझ्या तोंडातच आहेत. आईने पाठीवर लिहून ठेवलेत, पण मी बघते कुठे?"

"गावाबाहेरच्या कुणाला माहीत आहे हे, तुम्ही पाठ म्हणता ते?"

"त्यांना कसं कळणार? समोरून दिसतं का, मागे म्हातारी वाचतेय की बोलतेय ते?"

बाईंनी चहाचा घोट घेतला. "आओतोसानसमोर कधी केलाय हा खेळ?"

आजींचे हात थांबले. "कधीच नाही. त्यांच्या घरचं माणूस दारात दिसलं की गोष्ट थांबते. आईच्या वेळेपासूनची रीत. त्यांना वाईट वाटू नये म्हणून. पण यंदा मी ठरवलंय, सांगायचीच, पूर्ण. ते परिषदेचे सदस्य म्हणून पहिल्या रांगेत बसणार आहेत, ठाऊक आहे मला. मी आता अजून किती वर्षं सांगणार?"

"कुणी अडवलं नाही?"

"अडवलं की! तुमचे फुकुमासान मागच्या महिन्यात आले होते. म्हणाले, दुसरी गोष्ट घ्या, सशाची वगैरे. मी म्हटलं, सशाची तुम्हीच सांगा."

४

आओतोंना गाठायला बंदरावर जावे लागले. खेकड्यांचा लिलाव आटोपला होता आणि ते रबरी बुटांत उभे राहून फरशीवर पाणी मारत होते. ऐंशीला आलेला माणूस, पण पाइप कुणाच्या हातात द्यायला तयार नव्हता.

"माहीत आहे," ते न वळताच म्हणाले. "मी चोरलं म्हणतात."

"चोरलंत का?"

"मला त्यात काय आहे तेच नीट माहीत नाही, चोरू कशाला?"

"जाळून टाका असं तुम्ही म्हणता, असं सगळे म्हणतात."

आता ते वळले. "सगळे म्हणजे कोण? एकाचं नाव सांगा. माझ्या तोंडून ऐकलेला एक माणूस आणा."

बाईंनी आठवून पाहिले. हिराओकांनी इतरांकडून ऐकले होते, चिहोने हिराओकांकडून, खुद्द बाईंनी मंडळाच्या बैठकीत कुणाकडून तरी. स्वतः ऐकलेला एकही नव्हता. वार्तापत्र चालवणाऱ्या बाईला ही गोष्ट चांगलीच लागली.

"मग शनिवारी याल?"

"बोलावलंय तर येणार. वाचनालय कंपनीला द्यायचं की नाही त्यावर मत द्यायचंय मला. जागा बघायला नको?" त्यांनी पाण्याचा नळ बंद केला. "आणि त्या पोरीला सांगा, माझ्यासाठी तोंड बंद ठेवायची गरज नाही. मी बोन्साय कसं वाढवावं याचं पुस्तक परत केलं. एकही झाड जगलं नाही माझं."

परतताना गाडीत बाईंनी डोळे मिटले आणि तो कोरा पुठ्ठा पुन्हा डोळ्यांसमोर आणला. पुढच्या स्टेशनवर गाडी थांबली तेव्हा त्या एकट्याच हसल्या. समोरच्या बाकावरच्या शाळकरी मुली दचकून त्यांच्याकडे पाहू लागल्या. बाई घरी न जाता ओगुराला उतरल्या.

५

योशिनोबु फुकुमा हे ओगुरा वाचनालयाचे प्रमुख आणि मंडळाचे अध्यक्ष. नवीन ग्रंथपालांना वाचकाचे हक्क शिकवायला तेच जायचे. चिहोही त्यांच्याच हाताखाली शिकलेली. त्यांच्या टेबलावर पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावलेल्या असत.

"वाईट झालं," ते म्हणाले. "आठव्याचे शब्दही त्याच्याबरोबर गेले. आओतोसानना तेच हवं होतं, उघड आहे. आता तो खेळ रद्दच करावा. चिहोबद्दल मी हिराओकासानशी बोलेन, तिला फार त्रास होऊ देणार नाही."

"आठव्याचे शब्द कसे गेले? चित्र तर सातवं गेलंय."

"निशिकोरीसान, तुम्हाला मी सांगायचं? सांगणारा चौकटीच्या मागे असतो. आठवं चित्र लोकांसमोर आलं की सातवं नुकतंच ओढून सगळ्यांत मागे ठेवलेलं असतं, त्याचीच पाठ आपल्या डोळ्यांसमोर येते. म्हणून कुठल्याही चित्राचे शब्द त्याच्या आधीच्या चित्राच्या पाठीवर. पहिल्या वर्षीच शिकतो आपण हे."

"हो, शिकतो." बाईंनी चहाचा पेला बाजूला ठेवला. "आता मी तुम्हाला चोर कसा होता ते सांगते. तो सातवं चित्र घेऊन गेला आणि त्या जागी कोरा पुठ्ठा ठेवून गेला. फडताळातून पुस्तक काढलं की त्या जागी फळी ठेवायची, म्हणजे बाकीची कलंडत नाहीत आणि परत ठेवताना जागा चुकत नाही, ही आपली ग्रंथपालांची सवय. हिराओकासानना चित्र सरळ धरता येत नाही, त्यांना हे सुचेल? आओतोसानना राग असता तर त्यांनी आजोबांचं चित्रच उचललं असतं, नाहीतर अख्खी पेटी. म्हणजे चोर आपल्यातला, आणि चित्र परत आणून ठेवायचं त्याच्या मनात होतं."

फुकुमांनी एक पेन्सिल उचलली आणि पुन्हा तिच्या जागी ठेवली.

"इनाताआजींना चित्र चोरायची गरज नाही, शब्द त्यांच्या तोंडात आहेत. आणि चिहोने तो खेळ उलटसुलट पाहिलाय. आता ऐका. त्या कोळणींना आपला नियम कुणी शिकवला नव्हता. त्यांनी ज्या त्या चित्राचे शब्द त्याच चित्राच्या पाठीवर लिहिले. मालकाचे शब्द आठव्यावरच आहेत, मी काल वाचले. सातव्याबरोबर ते गेले असं मानणारा माणूस कोण? ज्याला नियम ठाऊक आहे, पण हा खेळ ठाऊक नाही. मंगळवारी तिथे आलेल्या चौघांत असा एकच होता. आणि आत्ता त्याने मला तो नियम समजावून सांगितला."

मग फुकुमांनी खालचा खण उघडला आणि पांढऱ्या कागदात नीट गुंडाळलेला पुठ्ठा टेबलावर ठेवला.

"उघडून पाहिलंत?"

"नाही. लाज वाटली."

बाईंनी कागद सोडला. कंदील घेतलेल्या बायका, आणि पाठीवर बायकांचेच शब्द. फुकुमांनी ते दोनदा वाचले आणि चष्मा काढून ठेवला.

"आओतोसानचं मत फिरलं तर वाचनालय जाणार," ते शेवटी म्हणाले. "चिहोची नोकरीही जाणार. पहिल्या रांगेत बसवून त्यांच्या आजोबांची अब्रू काढायची आणि वर त्यांचंच मत मागायचं? मला वाटलं, एकदाच. संमेलन झालं की परत ठेवीन."

"आणि काल तिच्यावर आळ आला तेव्हा?"

"धीर झाला नाही."

निशिकोरीबाईंना राग आला होता आणि त्यांनी तो गिळला नाही. "फुकुमासान, कुणाला आवडणार नाही म्हणून पान लपवायचं नाही, हे तुम्ही तिला शिकवलंत. वाचकाचं गुपित फोडायचं नाही, हेही तुम्हीच. तिने काल नोकरी पणाला लावून ते पाळलं, तेही एका बोन्सायच्या पुस्तकापायी. आणि तुम्ही आओतोसानना एकदा विचारलंसुद्धा नाही, की तुम्हाला राग येईल का म्हणून."

"तुम्ही हे छापणार?"

"ते शनिवारी तुम्ही काय करता त्यावर."

६

शनिवारी सभागृह भरले होते. हिराओकांनी मोजून आणलेल्या खुर्च्या कमीच पडल्या. आओतो पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते.

इनाताआजी चौकटीमागे जायच्या आधी फुकुमा उठले. त्यांच्या हातात पांढऱ्या कागदातला पुठ्ठा होता.

"हे चित्र मी नेलं होतं," ते म्हणाले. "कादोवाकीसानचा यात काडीचाही दोष नाही. कारण मी नंतर सांगेन, पण ते सबब म्हणून नाही. अध्यक्षपद मी आजच सोडतो."

एवढे बोलून ते खाली वाकले आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले. चिहोने पुढे होऊन पुठ्ठा घेतला, कोरा पुठ्ठा काढून सातवे चित्र जागेवर ठेवले, आणि आपल्या गुरूंना हाताला धरून खुर्चीत बसवले.

खेळ सुरू झाला. बोटी निघाल्या, आभाळ भरून आले, बायका कंदील घेऊन किनाऱ्यावर आल्या. आजींनी सातवे चित्र ओढले आणि मालक समोर आला. सगळ्यांच्या नजरा आओतोंच्या मानेवर होत्या.

"मालक म्हणाला, घंटा वाजवली तर बोटी रिकाम्या परततील. दोर सोडायचा नाही."

आओतो हलले नाहीत. आजींनी पुढचे चित्र ओढले. पाठमोरी बाई.

"तेव्हा घरातली नवी सून उठली. सासऱ्यासमोर आजवर तिने मान वर केली नव्हती. तिने कोयत्याने दोराची गाठ तोडली आणि पहाटेपर्यंत घंटा वाजवत राहिली. हातांची सालं निघाली तरी थांबली नाही. तीन बोटी त्या आवाजावर परत आल्या. त्यांतल्या एकीवर माझा बाप होता."

शेवटचे वाक्य गोष्टीतले नव्हते, हे चिहोला लगेच कळले.

उरलेली चित्रे कशी गेली ते कुणाला फारसे आठवत नव्हते. टाळ्या वाजायच्या आधीच आओतो उभे राहिले.

"ती सून," ते म्हणाले. "ती माझी आई."

"हो," आजी म्हणाल्या.

"तिचे तळहात तसेच होते. खरबरीत, चट्टे पडलेले. मी विचारलं की म्हणायची, खेकडे सोलून झालेत." त्यांनी स्वतःच्या तळहातांकडे पाहिले. "मी लहान असताना ही गोष्ट कुठे चालू असली आणि मी गेलो, की ती बंद व्हायची. आजोबांचं मला ठाऊक होतं. ते ठाऊक असायला गोष्ट कशाला लागते, लोकांच्या नजरा पुरतात. पण तुम्ही सगळ्यांनी मिळून मला पुढचं ऐकूच दिलं नाही."

आजींनी चौकटीवर डोके टेकवले. "आम्हाला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

"विचारायचं तरी!"

फुकुमांनी दोन्ही हातांनी तोंड झाकले. निशिकोरीबाईंनी उघडलेली वही मिटून पिशवीत टाकली. यातले वार्तापत्रात किती जाणार, ते नंतर बघता येण्यासारखे होते.

आओतोंनी बाहीने डोळे पुसले आणि हिराओकांकडे वळले. "या मुलीच्या पुढच्या वर्षाचं काय ठरलंय?"

"ते समितीपुढे जाईल, तेव्हा..."

"समितीत मी आहे. आणि हे वाचनालय कुणाला द्यायचं असेल, तर आधी मला येऊन सांगा, हे बारा पुठ्ठे त्या कंपनीच्या कपाटात कोण सांभाळणार आणि कोण सांगणार." मग ते पुन्हा आपल्या खुर्चीत बसले, रबरी बूट घातलेले पाय नीट जुळवले आणि शाळेतल्या मुलासारखे चौकटीकडे पाहू लागले.

"इनातासान, आठव्यापासून पुन्हा सांगाल का?"